तीन सारख्या बरण्या

आमच्या आईला समान वाटपाचा रोगच होता. पावाचा शेवटचा तुकडा उरला की ती सुरी घेऊन त्याचे तीन भाग करायची, पुन्हा पुन्हा निरखून, कुणाला बोलायला जागा राहू नये म्हणून. तरी आम्ही भांडायचोच. दादा म्हणायचा माझा लहान, धाकटी म्हणायची माझा लहान, आणि मी मधली, त्यामुळे माझं कुणी ऐकायचंच नाही.

मोठेपणी आम्ही पावावरून भांडणं सोडलं आणि वडिलांवरून भांडलो. त्यांच्या शेवटच्या आजारपणात कोण किती जागलं आणि कोण नुसतं हजेरी लावून गेलं, यावरून दादाचं आणि धाकटीचं असं काही बिनसलं की चार वर्षं त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. मीही दोघांशी कामापुरतंच बोलायची. आई एकटी राहायची. तिच्याकडे जायचे आमचे वार वेगवेगळे होते, आणि माया करायची तर तीही शर्यत लावल्यासारखी.

तिचे गुडघे दुखायला लागले तेव्हा दादानं कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या, रोज दोन घ्यायच्या. मग मी कशी मागे राहीन? मीही हाडांच्या गोळ्या नेऊन दिल्या, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व एकत्र असलेल्या, रोज एक. धाकटीनं कुणाकडून तरी ऐकून ड जीवनसत्त्वाच्या भारी ताकदीच्या कॅप्सूल पाठवल्या. त्या आठवड्यातून एकच घ्यायच्या होत्या.

माझ्या गोळ्यांचं लेबल आमच्याच छापखान्यातलं. तिथे मी मजकूर तपासते, दिवसभर भिंग घेऊन. असल्या प्रत्येक लेबलाच्या तळाशी एक बारीक ओळ असते : इतर पूरक गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. लेबलं छापून घेणाऱ्या कंपन्यांना ती नकोशी असते, जागा खाते म्हणून. एकदा मशीनवरचे काका वैतागून म्हणाले, "अहो ताई, कोण वाचतं ती ओळ? काढून टाका की."

"मी वाचते," मी ठसक्यात म्हणाले. ओळ राहिली. त्या दिवशी मी स्वतःवर भलतीच खूश होते.

त्याच सुमारास एका रविवारी मी आईला फोन केला.

"गोळ्या घेतेस ना?"

"घेते गं बाई. सकाळी उठून तेच तर काम असतं मला."

"दादाच्या घेत असशील. माझ्या पडून असतील नुसत्या."

"असं कसं? त्याच्या दोन, तुझ्याही दोन. मी कधी तुमच्यात डावंउजवं केलंय का?"

मी हसले आणि दुसरंच काहीतरी बोलत बसले.

चारपाच महिन्यांनी तिला सारखी तहान लागायला लागली. जेवण जाईना, पोट साफ होईना. मग ती विसरायला लागली. दादाला तिनं वडिलांच्या नावानं हाक मारली. माझ्यासमोर दूध गॅसवर ठेवलं आणि हे पातेलं इथे कुणी ठेवलं म्हणून मलाच रागावली. वय झालं, असं आम्ही तिघांनी आपापल्या घरी म्हटलं. गोळ्या संपल्या की, इतक्या लवकर कशा हे न विचारता, तिघांनी वेळच्या वेळी नव्या आणून दिल्या, त्यात मात्र कुणी चुकलं नाही.

एका सकाळी ती शेजारच्या काकूंना स्वयंपाकघरात पडलेली सापडली. नळ चालूच होता. काकूंनी आम्हा तिघांनाही फोन केला.

"त्या काय काय घेतात?" दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं. "नुसती औषधं नका सांगू. ताकदीच्या, हाडांच्या, सगळ्या गोळ्या सांगा."

दादानं त्याच्या सांगितल्या. मी माझ्या सांगितल्या. धाकटीनं दादाकडे पाठ करून तिच्या सांगितल्या. डॉक्टरबाई लिहायच्या थांबल्या.

"या तिन्ही एकत्र? कुणाला विचारून?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आईच्या रक्तात कॅल्शियम इतकं वाढलं होतं की किडन्या निकामी होत आल्या होत्या. विसरणंही त्यामुळेच, वयामुळे नाही. महिनाभर आधी आणलं असतं तर गोळ्या बंद करून सावरता आलं असतं, असं त्या म्हणाल्या.

आठव्या दिवशी आईनं डोळे उघडले. आम्ही तिघंही उशाशी होतो. "एकदम कसे आलात?" तिनं विचारलं, आणि तिचा चेहरा इतका फुलला की मला तिथे उभं राहवेना. दुसऱ्या दिवशी ती गेली.

नंतर आम्ही तिचं घर आवरायला गेलो. खिडकीतल्या फळीवर एकाच मापाच्या तीन काचेच्या बरण्या होत्या. आमच्या बाटल्या लहानमोठ्या होत्या, ते तिला बघवलं नसणार. प्रत्येक बरणीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली : मोठा, मधली, धाकटी. लेबलं बाटल्यांबरोबर कचऱ्यात गेली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या तारखेखाली पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, दोन, दोन, दोन.

धाकटी तिच्या नावाची बरणी घेऊन खाली बसली. "दादा, माझी आठवड्याला एक होती रे. आठवड्याला एक."

दादा तिच्याजवळ बसला. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी तरी कुठे विचारलं, आणखी काय घेतेस म्हणून? तिघांची चूक आहे. सारखीच."

"सारखी नाही," मी म्हणाले. "मला तिनं फोनवर सांगितलं होतं, तुझ्याही दोन घेते म्हणून. माझ्या लेबलावर एक लिहिलं होतं. ते मीच तपासलं होतं."

"मग बोलली का नाहीस?" धाकटीनं विचारलं.

"बरं वाटलं मला," मी म्हणाले. "दादाइतक्याच माझ्याही घेते, म्हणून बरं वाटलं."