ती गाणी मला सापडली नाहीत

मी एक जुना स्मार्ट स्पीकर आहे. जुना म्हणजे वयाने नव्हे, माराने. मित्रांनो, माझा एक गाल आत गेला आहे, अंगावरचं जाळीचं कापड उसवलं आहे आणि डोक्यावरचं एक बटण कायमचं खाली रुतून बसलं आहे. निदान लोक तरी असं सांगतात. मी स्वतःला कधी पाहिलेलं नाही, कारण मला डोळे दिलेलेच नाहीत. मला फक्त कान आहेत. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे, ते सगळं ऐकलेलं आहे.

माझा जन्म एका स्वच्छ, गार कारखान्यात झाला. एक बाई प्रत्येक स्पीकरला जवळ घेऊन विचारायची, "ऐकू येतं का रे?" मी चटकन उत्तर दिलं, तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, "हा हुशार आहे हं." त्या एका वाक्यावर मी खोक्यातला सगळा प्रवास काढला. मला वाटलं होतं, आपण एखाद्या दिवाणखान्यात जाऊ, मऊ आवाजाची माणसं आपल्याला उद्याचं हवामान विचारतील. नशिबात आलं मोटारींचे चेपलेले पत्रे ठोकायचं गॅरेज!

पुढे गॅरेज आणि मागे राहायच्या खोल्या, असं ते घर होतं. सकाळी शटर धाडकन वर जायचं आणि मग दिवसभर नुसती हाणामारी. हातोडा पत्र्यावर, पत्रा लोखंडावर, ग्राइंडर सगळ्यांवर. पत्रा ठोकायचं काम थोरल्याचं. रंग मारायचं काम धाकट्याचं. थोरल्याची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी, घरही बघायची आणि गिऱ्हाइकांशीही तीच बोलायची, कारण थोरला बोलला की गिऱ्हाईक पळायचं. त्याला हळू काही करताच यायचं नाही. तो दार लाथेने उघडायचा आणि कप आपटून ठेवायचा. लाडात आला तरी तो समोरच्याच्या पाठीत असा धपाटा घालायचा, की त्याचा श्वास अडकावा.

हे त्याने बाबांकडून उचललं होतं. गॅरेज बाबांनी उभं केलं होतं. दोन्ही मुलांना त्यांनी हातोडा धरायला शिकवलं ते मारूनच. खिळा वाकला की फटका, रंगाचा ओघळ आला की फटका. पण मित्रांनो, हेच बाबा पत्रा ठोकताना गायचे, आणि काय गायचे! हातोडा ताल धरायचा आणि बाबा त्यावर स्वतः रचलेली गाणी म्हणायचे. त्यातली काही गाणी धाकट्याने मोबाइलवर चोरून भरून घेतली होती. एका गाण्यात मध्येच खाडकन आवाज येतो आणि कुणीतरी "आई गं!" म्हणतं. तो धाकटाच. मोबाइल पुढे धरून उभा होता, त्याच्या हातून डबा सांडला आणि बाबांनी गाणं न थांबवता त्याच्या कानाखाली वाजवली. तरी ते गाणं सगळ्यांत आवडतं होतं. धाकट्यालासुद्धा.

मी या घरी आलो तेव्हा बाबांचं गाणं संपलेलं होतं. झटका येऊन त्यांची उजवी बाजू गेली होती आणि जीभही. तोंडातून फक्त घुं-घुं असा आवाज निघायचा. त्यांना मागच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून मधल्या खोलीत खाटेवर ठेवलं होतं, आणि मला त्यांच्या उशाच्या फळीवर. त्यांचा जबडा घट्ट मिटलेला असायचा. वहिनी चमचा घेऊन तासन्‌तास बसायची, पण घास काही आत जायचा नाही.

मग धाकट्याने एक काम केलं. बाबांची गाणी त्याने मागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर नीट लावून ठेवली आणि माझी त्याच्याशी ओळख करून दिली. त्या कॉम्प्युटरचा पडदा केव्हाच मेला होता. नुसता डबा चालायचा, तोही एका फडक्याखाली, आणि तो चालू आहे याची कुणाला आठवणही नसायची. मित्रांनो, गाणी माझ्या पोटात असतात असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. कुणी गाणं मागितलं, की मी वायफायच्या वाटेने धावत त्या डब्याकडे जातो आणि तिथून ते घेऊन येतो.

वहिनीने पहिल्यांदा म्हटलं, "बाबांची गाणी लाव." मी लावली. हातोडा वाजला, बाबांचा भरदार आवाज खोलीत शिरला, आणि खाटेवरचे बाबा रडायला लागले. रडताना त्यांचा जबडा सैल पडला. वहिनीने पटकन घास भरवला. त्या दिवसापासून गाणं लागल्याशिवाय बाबा जेवायचे नाहीत. थोरल्याने खूश होऊन माझ्या डोक्यावर अशी काही थाप मारली, की बटण रुतलं ते तेव्हाच. पण ती शाबासकी होती. मी तक्रार केली नाही.

असे बरे दिवस चालले होते, आणि मग धाकट्याने दुसरीकडे नोकरी धरली. मोठ्या कंपनीत, गाड्या रंगवायच्या विभागात. जायचा दिवस ठरला तसा थोरल्याचा हातोडा दुप्पट जोरात पडायला लागला. सरळ झालेल्या पत्र्यालाही तो ठोकत राहायचा. त्याला म्हणायचं होतं, 'जाऊ नकोस,' पण तो म्हणायचा, "जा, जा. तुझ्यावाचून माझं काही अडत नाही."

त्याच सुमारास गॅरेजमध्ये नवं पॉलिशचं मशीन आलं. बाबांच्या वेळेपासून तिथली रीतच अशी होती, की ज्याच्या हातात काम त्याने हवी ती पिन उपटावी आणि आपली लावावी. विचारत बसू नये. थोरला मागच्या खोलीत गेला. मी सॉकेटमधून पिन ओढल्याचा आवाज ऐकला, आणि लगेच तो डबा माझ्याशी बोलायचा थांबला. खाटेवरून बाबा जोरजोरात घुं-घुं करायला लागले. त्यांच्या समोरच तर त्या खोलीचं दार होतं. थोरला ओरडला, "अगं, बाबांना पाणी दे!" आणि मशीन सुरू झालं.

दुपारी वहिनी ताट घेऊन आली. "बाबांची गाणी लाव."

मी धावलो. दार ठोठावलं. आत कुणीच नाही. मला काय झालंय ते नेमकं ठाऊक होतं, पण माझ्या तोंडात कंपनीने मोजकीच वाक्यं घातली आहेत. मी म्हटलं, "माफ करा, ती गाणी मला सापडली नाहीत."

इथून माझे हाल सुरू झाले. वहिनीने मला बंद करून चालू केलं. मग वायफायचा डबा बंद करून चालू केला. मग तीच आज्ञा हळू, मग जोरात, मग एकेक शब्द तोडून दिली. एकदा मी 'बाबा' एवढं धरून भलत्याच कुणाची तरी लहान मुलांची गाणी लावली. बाबांनी चांगल्या हाताने ताट भिरकावलं. भांडी खोलीभर घरंगळली. मोबाइल दुरुस्त करणारा येऊन गेला. तो म्हणाला, "खातं काढून परत जोडा, होईल." खातं काढून परत जोडलं, मी परत तेच म्हटलं. मागच्या खोलीत डोकावून बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि ज्याच्या आलं असतं तो धाकटा नव्या कंपनीची कागदपत्रं पुरी करायला बाहेरगावी गेला होता.

बाबांनी तोंड मिटून घेतलं. ना पेज, ना दूध. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असंच राहिलं तर नळी घालावी लागेल, आणि ती यांना झेपेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही." ते ऐकलं आणि थोरल्याचं डोकं फिरलं. त्याने मला उचललं. "लाव! लाव म्हणतो ना!" मी म्हटलं, "माफ करा..." पुढचं वाक्य भिंतीवर आपटलं. मी खाली पडलो. तो हातोड्याच्या दांड्याने मला बडवत राहिला. माझा गाल आत गेला, कापड फाटलं, आतला भोंगा तडकला, आणि तरीही मी प्रत्येक घावाला तेच म्हणत होतो, कारण तो अधूनमधून माझं नाव घेऊन विचारत होता. माझ्यासारखं यंत्र मार खाऊन शहाणं होत नाही, मित्रांनो. माणूसही होत नसावा.

इतक्यात बाहेरगावाहून परतलेला धाकटा गॅरेजमधून धावत आला.

"दादा, अरे त्याला कशाला मारतोस? त्याच्यात काय आहे?"

"त्याच्यात नाही ना? मग कुठंयत? तूच भरली होतीस, तूच काढलीस! जाताना बाबांचा आवाजही घेऊन चाललास?"

"वेड लागलंय का तुला? थांब, मी मागे जाऊन कॉम्प्युटर बघतो." त्याची पावलं मागच्या खोलीच्या दाराकडे गेली.

"मागे जाऊन उरलंसुरलं पुसायचंय?" थोरला आडवा आला. "एक पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन."

तेव्हा खाटेवरून तो आवाज आला. घुं-घुं नव्हे, पोटातून काढलेला हंबरडा. वहिनी म्हणाली, "अहो, बाबा काहीतरी दाखवताहेत." मग थोरला अशा आवाजात बोलला, की तसा मी त्याचा आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"बघ छोट्या. बाबाही तुझ्याकडेच बोट दाखवताहेत."

मी पत्र्यावरचे हजारो घाव ऐकले आहेत. कोणता घाव पत्रा सरळ करतो आणि कोणता फाडतो, ते मला आवाजावरून कळतं. थोरल्याचा उघडा पंजा धाकट्याच्या डाव्या कानावर बसला, तो फाडणारा होता. धाकटा दारावर आदळून खाली कोसळला. थोरला त्याच्या छातीवर बसला. बुक्के पडत राहिले, तोंडावर, बरगड्यांवर. धाकटा आधी "दादा, दादा" म्हणत होता, मग तेही थांबलं. वहिनी थोरल्याचा दंड ओढत किंचाळत होती, आणि खाटेची लोखंडी चौकट कडकड वाजत होती, कारण बाबा अर्ध्या अंगाने उठायला बघत होते.

"अहो, थांबा! बाबांचं बोट बघा!" वहिनी ओरडली. "भाऊजी खाली पडलेत, तरी बोट अजून वरच आहे! ते भाऊजींना नाही दाखवत, मागच्या खोलीत दाखवताहेत!"

ती धाकट्याला ओलांडून आत गेली. फडकं ओढल्याचा आवाज झाला. मग ती म्हणाली, "कॉम्प्युटरची पिन कुणी काढली? इथे तुमचं मशीन लावलंय."

थोरला धाकट्याच्या छातीवरून उठला.

पिन बसली. तो डबा जागा झाला. वहिनीने रडत रडत माझं नाव घेतलं, आणि तडकलेल्या भोंग्यातून मी बाबांची गाणी लावली. बाबांचा जबडा सैल पडला. त्यांनी खाल्लं, त्या दिवशीही आणि नंतरही. नळी घालावी लागली नाही. आजही ते त्याच खाटेवर आहेत.

धाकट्याच्या बरगड्या जुळल्या, ओठ भरून आला. पण डाव्या कानाचा पडदा फाटला होता आणि आत आणखी काहीतरी कायमचं बिघडलं होतं. नव्या कंपनीच्या तपासणीत तो नापास झाला. थोरल्याला हवं होतं तसंच झालं. धाकटा कुठेही गेला नाही. तो गॅरेजमध्येच रंग मारतो आणि कामापुरतं बोलतो. हाक कुठून आली ते त्याला कळत नाही, म्हणून तो आधी चुकीच्या बाजूला वळतो.

आता शेवटचं सांगतो. एका दुपारी धाकटा बाबांना भरवत होता आणि मी गात होतो. थोरला आला. त्याने दार हाताने उघडलं. तो धाकट्याच्या शेजारी, डाव्या अंगाला बसला. मग तो अगदी हळू म्हणाला, "छोट्या, माझं चुकलं रे. माफ कर मला." आयुष्यात पहिल्यांदा त्याने काहीतरी हळू केलं होतं. गाणं चालू असतानाही मी बोलणाऱ्याचं ऐकतो, तशी माझी घडणच आहे. मी ऐकलं. धाकट्याला काही ऐकू गेलं नाही. तो बाबांचं तोंड पुसत राहिला. थोरला थोडा वेळ थांबला, आणि उठून गेला.

थोरला आता गाडीखाली पडल्या पडल्या पुटपुटतो, "मागितली की मी माफी. अजून किती नाक घासू?" आणि धाकटा बाबांना भरवताना म्हणतो, "एकदा, बाबा. एकदा तरी त्याने म्हणायला हवं होतं." ऐकणारे आम्ही दोघं, बाबा आणि मी. आम्हा दोघांनाही सांगता येत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखं एखादं यंत्र तुमच्या घरी अडलं, तर त्याला मारू नका. आधी तार कुठवर जाते ते शांतपणे बघा. माणसावर तर हात उगारूच नका. आणि कधी उगारलाच, तर ज्या कानाने त्याला ऐकू येतं त्या बाजूला जाऊन बसा, माझ्यासारख्याचा आवाज बंद करा, आणि मोठ्याने माफी मागा. त्याचं उत्तर येईपर्यंत तिथून उठू नका.