नऊ पिंपं पाणी

केज तालुक्यातल्या त्या कॉलेजची इमारत पाहून कुणाला शिकायची हौस आली असेल, असं वाटत नाही. मूळची ती कापसाच्या सहकारी जिनिंगची गोदामं. जिनिंग बसलं, साखर कारखाना उभा राहिला, आणि संचालकांनी गोदामांना खिडक्या पाडून आत कॉलेज भरवलं. वर पत्रा, खाली उखडलेली फरशी, भिंतींना पोपडे. भिंतींचा रंग नेमका कोणता, यावर प्राध्यापकांचं कधी एकमत झालं नाही. प्राचार्य अर्जुनराव सहा वर्षं विद्यापीठाला पत्रं लिहीत होते, की ही इमारत एकदाची धोकादायक ठरवा, म्हणजे नवी मागता येईल. विद्यापीठ उत्तर देत नव्हतं आणि इमारत पडत नव्हती.

या कॉलेजात मनकर्णा पाण्याची बाई होती. दुष्काळाच्या त्या साली तिचा रुबाब प्राचार्यांच्या वरचा होता. उसाअभावी कारखान्याचा बॉयलर पेटलाच नव्हता, त्यामुळे कारखान्याचा आगीचा बंब पाशा ड्रायव्हर टँकर म्हणून वाड्यावस्त्यांवर फिरवायचा. रोज सकाळी तो कॉलेजचा हौद तेवढा ओला करून जायचा. हौदाच्या कुलपाची किल्ली मनकर्णाच्या गळ्यात असे. माणशी अर्धा पेला. दुसऱ्यांदा मागायला आलेल्याला ती पहिला पेला किती वाजता प्याला ते सांगायची. इतकी चिकट बाई साऱ्या तालुक्यात नाही, असं सगळे म्हणत, आणि ते तिच्या कानावरही जात असे.

पण एक गोष्ट तिच्या लेकीखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. नोकरमाणसांना दिवसाला दोन हंडे घरी न्यायला मिळत. मनकर्णा एकच न्यायची. दुसरा ती रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एका पिंपात ओतायची. पाणी नाही म्हणून प्रयोगशाळा जानेवारीपासून बंदच होती, तिची किल्लीही मनकर्णाच्याच गळ्यात, तिकडे कोण फिरकणार? मे लागेपर्यंत तिथे नऊ पिंपं भरली होती, तुरटी फिरवून, फडकी बांधून. हे पाणी तिच्या लेकीच्या लग्नाचं होतं. नवरा गेल्यापासून मायलेकी दोघीच. लेक दैवशाला इथेच बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि चौसाळ्याचं स्थळ जमलं होतं. व्याही मोहनराव सुपारीच्या दिवशी स्पष्ट बोलले होते. मानपान नको, जेवण साधं चालेल, पण वऱ्हाड पाण्यावाचून तडफडलं तर ते उठून जाईल. आणखी एक, परीक्षा काय ती लग्नाआधी उरकून घ्यायची, नंतर पेपरबिपर नाही.

लग्न दोन दिवसांवर आलं आणि त्याच दुपारी दैवशालाचा शेवटचा पेपर झाला.

उन्हाळ्यात पत्रा तापू नये म्हणून छपरावर उसाचं वाळलेलं, जुनं पाचट अंथरायची कॉलेजची रीत होती. त्यातच पाण्याच्या वासाने आलेल्या मधमाश्यांनी वळचणीला मोहोळ धरलं होतं. पेपर चालू असताना दोघा-तिघांना डंख बसले. पेपर सुटल्यावर अर्जुनरावांनी हुकूम सोडला, की मोहोळाला धूर द्या. शिपाई गहिनीनाथने काठीला गोणपाट गुंडाळून पेटवलं आणि वर धरलं. खाली पाण्याची बादली ठेवायची त्याला आठवण झाली, पण बादली मागायची तर मनकर्णाकडे. तेवढी हिंमत काही त्याला झाली नाही.

माश्या उठल्या आणि पाचटही पेटलं. विद्यापीठाकडून आलेले परीक्षेचे साहेब सुजलेलं तोंड घेऊन दिसेल त्या जीपमध्ये चढले आणि केजच्या दवाखान्यात गेले. जाताना पेपरांच्या खोलीची किल्लीही त्यांच्या खिशातून गेली. खोलीचं दार लोखंडी, खिडकीला गज. आत चारशे पोरापोरींचे लिहिलेले गठ्ठे. आग सरकत सरकत त्याच खोलीच्या छपराकडे निघाली होती.

पाशाला फोन लागला. बंब तिकडे वस्तीवर नुकताच रिकामा झाला होता, भरून यायला तास लागणार होता. हौदात तळाला वीतभर पाणी. प्राध्यापक लांब कडुलिंबाखाली उभे राहिले. अर्जुनरावांचा चेहरा दुःखी होता, पण फारसा नाही.

मनकर्णाचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला आणि तिथेच थांबला. शाईने बोटं माखलेली दैवशाला तिच्याजवळ आली. पिंपांचं गुपित तिला एकटीला माहीत होतं.

"माय, ते पाणी राहू दे. मी पेपर परत देईन की."

"तुझा सासरा देऊ देईल?"

एकीकडे लेकीचं लग्न, दुसरीकडे लेकीची तीन वर्षं. लग्न मोडलं तर दुसरं जमवता येईल, मनकर्णा स्वतःशी म्हणाली, आणि तिने प्रयोगशाळेचं दार उघडलं.

नऊ पिंपं पाहून कॉलेज अवाक झालं. मग पोरांची रांग लागली, कोणी शिडी आणली, कोणी घमेली, आणि पाणी छपराकडे चाललं. मनकर्णा पिंपाशी उभी राहून तिथेही मापानेच देत होती. भिंतीवर मारू नका, भिंत काय पेटत न्हाई, असं ती ओरडून सांगत होती. इतिहासाच्या सरांनी डंख बसलेलं तोंड धुवायला तांब्या भरला, तो तिने हातातून काढून घेतला. पाशाचा बंब घंटा वाजवत आला तेव्हा नववं पिंप आडवं झालं होतं आणि आग विझली होती. अर्धं छप्पर गेलं, पण पेपरांची खोली शाबूत राहिली. अर्जुनरावांनी उभ्या राहिलेल्या इमारतीकडे पाहून एक लांब सुस्कारा टाकला आणि मनकर्णाचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी मोहनराव चौसाळ्याहून आले. मनकर्णाने काही लपवलं नाही. "पाणी संपलं, पाव्हणं. पेपरावर वतलं. आता तुमी म्हणाल तसं." तिने दिलेल्या पेल्याला हात न लावता ते खाटेवरून उठले. "बघू," म्हणाले आणि गेले. त्या रात्री मायलेकींनी आवराआवर केली, पण एकमेकींकडे पाहिलं नाही.

लग्नाच्या सकाळी कॉलेजच्या आवारात घातलेल्या मंडपात पहिली आली ती शेजारची बायडाबाई, डोक्यावर भरलेला हंडा घेऊन. मग कॉलेजची पोरंपोरी आली, ज्यांचे पेपर आगीतून वाचले होते ती, प्रत्येकाच्या हातात घरची कळशी. मंडपात आहेर पुकारायला गहिनीनाथ माईकवर बसला होता, त्याने सवयीने सुरू केलं, "बायडाबाईंकडून एक हंडा, भरलेला! इतिहासाच्या सरांकडून दोन बादल्या!" पाशाने बंबाला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. बंबात पाणी थोडंच होतं, घंटा मात्र त्याने मनसोक्त वाजवली.

तरी चौसाळ्याच्या वाटेवर कुणी दिसत नव्हतं. मनकर्णा मंडपाच्या तोंडाशी उभी राहून पदर पिळत होती. उन्हं चढली तेव्हा कुठे दोन टेम्पो धुरळा उडवत आले. एकात वऱ्हाड होतं. दुसऱ्यात गच्च बसवलेल्या घागरी होत्या.

मोहनराव खाली उतरले. गहिनीनाथ नाव पुकारायला लागला, त्याला त्यांनी हाताने थांबवलं.

"आहेर न्हाई हा. सुनेच्या पेपरावर वतलेलं पाणी आमचंच व्हतं, विहीणबाई. ते परत आणलंय. आन पुढं शिकायचं म्हणाली, तर शिकू देऊ आमी तिला."

मनकर्णाला रडू आलं आणि ती लाजलीही. काहीतरी करायचं म्हणून तिने पेला उचलला, घागरीत बुडवला आणि त्यांच्यापुढे धरला. पेला अर्धाच होता. कडुलिंबाखालून सगळं कॉलेज हसलं, मोहनरावही हसले. मग मनकर्णाने पेला मागे घेतला आणि पुन्हा भरला, अगदी काठापर्यंत. त्यातलं थोडं पाणी मातीत सांडलं, पण तिने तिकडे पाहिलंही नाही.