लेटी शहाणी झाली की गप्प झाली

शून्य. नववीतल्या मुलीला निबंधात शून्य, आणि खाली शेरा : 'हे मारेनचं लिखाण नाही. पालकांनी भेटावे.'

मारेनच्या आईच्या, कोरीनच्या डोक्यात तिडीक गेली. दातांच्या दवाखान्यात ती स्वागताला बसायची. तिथून अर्धी रजा टाकून, डुलुथ शहरातल्या बर्फातून गाडी हाणत ती शाळेत पोचली. मारेन वर्गाबाहेर बाकावर बसली होती, कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढून.

"कुणाचं उतरवलंस का?"

"नाही, आई."

"बस. मग बघतेच त्या बाईकडे!"

"आत ओरडू नकोस हं. मला इथं अजून साडेतीन वर्षं काढायचीत."

पण कोरीन दारातूनच सुरू झाली. "माझी मुलगी चोर नाही. तुम्ही खोटं बोलताय!"

ओकरलंड बाईंनी शांतपणे खुर्च्या दाखवल्या. टेबलावर ती जुनी कादंबरी होती. कोरीनलाही याच शाळेत हीच अभ्यासाला होती. अनाथ लेटी काकाच्या लाकूडगिरणीवर येते तेव्हा अकरा वर्षांची, ताटं भिरकावणारी. काका तिच्या वडिलांची घोडी विकून टाकतो. शेवटच्या प्रकरणात लेटी एकोणीस वर्षांची, आजारी काकाला सूप भरवणारी. प्रश्नही दरवर्षी तोच : लेटी कशी प्रगल्भ होत जाते?

"मंगळवारी साडेदहाला कुठे होतीस, मारेन?"

"पोहायच्या तासाला."

"आणि नेमका तेव्हाच तुझा निबंध बदलला गेला."

बाईंनी संगणक त्यांच्याकडे वळवला. मुलं काय लिहितात, कधी खोडतात, सगळं वेळेसकट त्यात साठून राहायचं. डावीकडे जुना मजकूर : 'लेटी मोठी झाली नाही, थकली. तिच्या रागाला कुणी उत्तरच दिलं नाही. तेव्हा तिने तो गिळला, आणि सगळे म्हणाले, पोर शहाणी झाली.' उजवीकडे नवा : 'क्षमा हीच खरी ताकद आहे, हे लेटीला हळूहळू उमगतं.'

कोरीनचे कान तापले. ते वाक्य तिचं होतं.

मंगळवारी दवाखान्यात कुणी नसताना तिने मारेनच्या पासवर्डने निबंध उघडला होता. शुद्धलेखन तेवढं बघायला. मग वाटलं, असलं कडवट लिहिलं तर मार्क जातील, हुशार मुलांच्या वरच्या तुकडीतली जागा जाईल. संध्याकाळी मारेनने तो परत न वाचताच पाठवून दिला. बदल असे दिसतात, हे कोरीनच्या गावीही नव्हतं.

"कुणा मैत्रिणीने लिहून दिलं?" बाईंनी विचारलं. "खरं सांग. नाहीतर वरच्या तुकडीतून तुझं नाव काढावं लागेल."

मारेनने उजवीकडचं वाचलं. पुन्हा वाचलं. क्षमा हा शब्द त्यांच्या घरात एकच व्यक्ती वापरायची. तिने मान वळवून आईकडे पाहिलं.

"मी केलं," कोरीन म्हणाली. "तिला माहीतसुद्धा नव्हतं."

"तुम्ही मगाशी मला खोटं पाडत होतात."

"चुकलं माझं. पण ते शून्य काढा."

"काढते. मग मला जुना निबंध तपासायला हवा, आणि त्याला सी श्रेणीच मिळेल. ती प्रगल्भ कशी होते हे विचारलं होतं. मारेन, तू प्रश्नच धुडकावलास. वरच्या तुकडीला बी लागतो. शेवट बदलून दे, मी उद्यापर्यंत थांबते."

"नको."

"मारेन! एका परिच्छेदाचा तर—"

"तू बोलू नकोस!" मारेनचा आवाज चिरकला. "बाई, माझ्या बाबांची घोडी का विकलीस, असं लेटी काकाला शेवटपर्यंत एकदा तरी विचारते का? पान दाखवा, मी आत्ता बदलते."

बाईंनी पुस्तक उघडलं, मागची पानं चाळली, मिटलं. "पान नाही. पण प्रश्न तोच राहणार." आणि त्यांनी सी लिहिला.

गाडीत बसल्यावर कोरीनने किल्ली फिरवलीच नाही.

"बोल काहीतरी."

"तुला पटलं नव्हतं तर माझ्याशी भांडायचंस ना! गुपचूप खोडतेस काय?"

"भांडले असते तर ऐकलं असतंस?"

"नसतं! पण भांडण तर झालं असतं!"

"मग ऐक आता. नाही पटलं, अजूनही नाही. थकली म्हणे! आठ वर्षं दुसऱ्याच्या घरात तोंड मिटून राहायला काय कमी ताकद लागते? एकोणिसाव्या वर्षी तू पोटात होतीस, आणि तुझी आजी रोज संध्याकाळी सगळ्यांसमोर म्हणायची, माझ्या पोराचं शिक्षण हिने बुडवलं. मी बटाटे सोलत बसायचे. रात्री कॉलेजात जायचे, तेही लपूनछपून. तुला काय माहीत गप्प राहणं!"

"मग ते लिहायचंस! ताकद लागते, मान्य. पण क्षमा कुठून आली मध्येच? तू केलीस आजीला क्षमा?"

कोरीनने स्टिअरिंगवर हात आपटला. "नाही केली! एक दिवससुद्धा नाही!"

मारेन सीटवर तिच्याकडे वळून बसली. "मग लेटीने कशी केली, ते मला सांग."