नागफणी तोडायची वेळ

सुंदराबाईच्या भाजीचा पहिला घास अमरावतीच्या प्रदर्शनात सकाळी अकरा वाजता थुंकला गेला. त्या वेळी सुंदराबाई तिथून बारा कोसांवर, नांदगाव खंडेश्वरकडच्या आपल्या गावात, लोकांच्या वावरात हरभरा उपटत होती.

१९६६ सालचा मार्च होता. मागचा पावसाळा कोरडा गेला होता, म्हणून कमी पाण्यावर येणाऱ्या अन्नाचं एक प्रदर्शन राजापेठेजवळच्या मैदानावर भरलं होतं. चार दिवस चालणार होतं. गावोगावच्या भाज्या, कंद आणि पाला मांडलेला होता, आणि प्रत्येक पदार्थावर सांगणाऱ्याच्या नावाची पाटी होती. एका पाटीवर लिहिलं होतं: ‘नागफणीची भाजी. सांगणार : सुंदराबाई देवमन तायडे.’ ग्रामसेविका सत्यवतीने महिनाभरापूर्वी सुंदराबाईच्या ओट्यावर बसून ती रीत वहीत उतरवून घेतली होती. प्रदर्शनातल्या आचाऱ्यांनी त्या वहीबरहुकूम भाजी केली. पंच जेवायला बसले, आणि एकामागून एक उठून चूळ भरायला गेले.

ही खबर घेऊन सत्यवती दुपारच्या मोटारीने निघाली आणि पावणेचारला गावाबाहेरच्या, मुरमाड माळावरच्या वस्तीत पोचली. सुंदराबाई नुकतीच वावरातून येऊन हातपाय धूत होती. तिचा नवरा देवमन सडकेच्या कामावर मुकादम होता. त्या दिवशी काम बंद असल्यानं तो दारात खाट विणत बसला होता.

सत्यवतीने पाण्याचा तांब्या घेतला, पण प्यायली नाही. "सुंदराबाई, भाजी कोणाच्या तोंडात राहिली नाही. इतकी आंबट, की दात शिवशिवले. खुशालराव म्हणाले, हे माणसाचं खाणं नव्हे."

खुशालराव म्हणजे याच गावचे ऐंशी एकर काळीचे, काळ्या कसदार मातीचे मालक. प्रदर्शनाच्या समितीचे ते अध्यक्ष होते.

"अजून काय म्हणाले?" सुंदराबाईने विचारलं.

"म्हणाले, बाईची बदनामी नको. उद्या पाटीवरून नाव काढून टाकू. आणि नुसतं ‘दुष्काळी अन्न’ असं लिहू."

देवमनने विणता विणता मान वर केली. "काढू दे ना वो. नाव काढलं म्हणून तू का बिननावाची होतेस? उद्याचा हरभरा पाह्य."

सुंदराबाईने पदराने सावकाश हात पुसले. देवमनला बायकोचं हे हात पुसणं ठाऊक होतं. त्याने खाटेची सुतळी खाली ठेवली.

त्या वस्तीत नागफणीची, म्हणजे फड्या निवडुंगाची, भाजी साधी नव्हती. छप्पन साली वस्तीने बुद्धाचा धम्म घेतला. पुढच्या उन्हाळ्यात मेलेली ढोरं ओढणं बंद केलं आणि दारोदार फिरून भाकर मागणंही बंद केलं. गावाने उलट वस्तीचं काम बंद केलं. साडेचार महिने एकाही वावरात वस्तीतल्या माणसाला कोणी उभं केलं नाही. खुशालरावांच्याही नाही. तेव्हा सुंदराबाईची सासू पार्बताबाई नाल्यावर गेली आणि चिमट्याने नागफणीची कोवळी पानं तोडून टोपलीभर घेऊन आली. तिच्या आईने जुन्या काळात ती खाल्लेली होती, पण रीत अर्धीच आठवत होती. पहिल्या दिवशी भाजी शेंबडासारखी झाली आणि बारीक कुसळं जिभेत रुतली. पोरं रडली. दुसऱ्या दिवशी सुंदराबाईने पानं तुराट्यांच्या जाळावर धरून कुसळं जाळली, ओल्या गोणपाटावर घासली, मिठाच्या पाण्यात दोनदा उकळून चिकट पाणी फेकून दिलं. चौथ्या दिवशी पोरांनी पुन्हा मागितली. अकरा घरं त्या भाजीवर उभी राहिली, आणि भाकर मागायला एकही माणूस गेला नाही. आषाढात निंदण-खुरपण अडलं, तेव्हा गावच वस्तीत आलं आणि रोख मजुरी ठरवून लोकं घेऊन गेलं.

गावातली टवाळ पोरं अजूनही वस्तीतल्या माणसाला ‘काय गा, नागफण्या’ म्हणून हाक मारत. वस्तीने ते नाव अंगाला लागू दिलं नाही. उलट बुद्धपौर्णिमेला खिरीच्या आधी प्रत्येक ताटात नागफणीच्या भाजीचा घास वाढायचा, असा रिवाज पाडला. पार्बताबाई वारल्यावर तो पहिला घास सुंदराबाई वाढत होती. घरामागच्या कुपावर, काटेरी कुंपणावर, तिने निवडून निवडून नागफणी लावली होती. ज्या झाडाला काटे विरळ आणि पान जाड, त्याचंच पान ती पुढे लावायची.

आता त्या भाजीला जिल्ह्यात ‘माणसाचं खाणं नव्हे’ म्हटलं गेलं होतं.

"सत्यवतीबाई," ती म्हणाली, "पानं कोठची होती?"

"तुमच्याच कुपावरची. मी स्वतः जीप घेऊन आले होते ना आज."

"आल्या होत्या? मले तं दिसल्या नाई."

"तुम्ही झोपेत असाल. साडेपाचला आले. देवमनभाऊंना विचारून तोडली. ताजी ताजी न्यावी म्हटलं."

सुंदराबाईने देवमनकडे पाहिलं. "म्या झोपेतच हो म्हटलं," देवमन खाटेकडे पाहत म्हणाला.

"अन् चिंच किती घातली?"

"तुम्ही सांगितली तेवढीच. लिंबाएवढा गोळा. वहीत आहे."

सुंदराबाई ओट्यावर बसली आणि हसायला लागली. देवमनला ते हसणं आवडलं नाही. "काहून हासून राहिली वो?"

"पाह्यटंची नागफणी कोणी तोडते का? रातभर तिच्यात आंबट चढते. ऊन लागलं की उतरते. म्हणून आपण उन्हं कलल्यावर तोडतो, अन् मंग चिंच घालतो. यायनं आंबटात आंबट घातलं." मग ती सत्यवतीकडे वळली. "तुमचं नाई चुकलं. मायंच चुकलं. म्या तुमाले किती मीठ, किती मिरची सारं सांगतलं, तोडायची वेळ नाई सांगतली. आमच्यात पोरीसोरीलेही ठावं हाये. म्हटलं, हे काय सांगाव?"

सत्यवतीने वही उघडली.

"लिहू नका आता," सुंदराबाई म्हणाली. "चिमटा धरा. सूर्य हाये तोवर तोडू."

पाचाच्या आत दोन टोपल्या भरल्या. पानं रात्रभर तशीच ठेवली तर तोडलेल्या पानातही आंबट चढतं, म्हणून सुंदराबाईने ती लगेच भाजली, घासली, चिरली आणि उकळून ठेवली. सकाळी साडेपाचला तिने मुद्दाम आणखी एक टोपली तोडली. देवमन डोळे चोळत म्हणाला, "आता ह्या कायले? काल चूक झाली म्हन्तेस अन् आज तेच करतेस."

"खुशालरावासाठी," ती म्हणाली.

पहिल्या मोटारीने ती, देवमन आणि सत्यवती अमरावतीला पोचली. मैदानावर पाटी अजून होती, पण सुंदराबाईच्या नावावर कोणीतरी कागदाची पट्टी चिकटवली होती. सुंदराबाईने ती नखाने खरवडून काढली. आचाऱ्याने चूल दिली, पण बाजूला उभा राहून बघत राहिला. तिने तीन पातेली चढवली. जवसाचं तेल, लसूण, मिरचीचा ठेचा आणि ज्वारीच्या कण्या तिन्ही पातेल्यांत सारख्याच घातल्या.

अकराला पंच आले. खुशालराव पुढे होते. पांढरी टोपी, हातात रुमाल. त्यांनी सुंदराबाईला ओळखलं.

"तू होय? बाई, तुले कायले तरास दिला यायनं? काल खाल्ली आमी. तोंड अजून आंबट हाये. तुयं नाव काढून टाकतो म्हटलं, तुयी इज्जत राहील."

"मायी इज्जत पाटीवर नाई, मालक. पातेल्यात हाये. तीन हायेत, तिन्ही चाखा. मंग काय काढाचं थे काढा."

मागे चाळीस-पन्नास माणसं जमली होती. काल भाजी शहरातल्या आचाऱ्यांनी केली होती. आज करणारी समोर उभी होती, आणि ती कोण, कुठल्या वस्तीतली, हे खुशालरावांना माहीत होतं. रुमालाची घडी त्यांनी उलगडली, पुन्हा घातली. देवमनने सुंदराबाईकडे पाहिलं. ती वाट पाहत होती. घाईत दिसत नव्हती.

खुशालराव पाटावर बसले.

पहिल्या पातेल्यातला घास घेताच त्यांचा चेहरा आक्रसला. "कालचीच."

"पाह्यटं तोडलेली, वर चिंच," सुंदराबाई म्हणाली. "आता ह्ये घ्या. हेही पाह्यटंचीच, पण चिंच नाई."

त्यांनी खाल्ली. थुंकले नाहीत.

"आता ह्ये. काल चार वाजता तोडली. चिंच लिंबाएवढी. वहीत लिहेल तशी."

खुशालरावांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजी उचलली आणि चावत राहिले. गर्दीत कोणी खोकलं. त्यांनी दुसरा तुकडा मोडला. मग तिसरा. चौथ्या तुकड्याला शेजारचे पंच म्हणाले, "खुशालराव, आमाले ठेवता का नाई काही?" तेव्हा माणसं हसली आणि पुढे सरकली.

"हे बेस हाये," खुशालराव म्हणाले. हात धुऊन ते उठले. "परवा आमच्या घरी पाव्हणे हायेत. येऊन करून दे."

"रीत सांगते. पानंही देते. चूल तुमच्या घरचे पेटवतील."

खुशालरावांनी रुमालाने हात पुसले. तेवढ्यात सुंदराबाई सत्यवतीला म्हणाली, "आता लिहा. नावाच्या खाली."

सत्यवतीने शाई घेतली आणि पाटीवर ओळ वाढवली: ‘पाने उन्हे कलल्यावर तोडावीत. सकाळी तोडल्यास चिंच घालू नये.’ सुंदराबाईने ती वाचून दाखवायला सांगितली, आणि ‘नागफणीची भाजी’ याच्यावर दुष्काळाचा शब्द लिहिलेला नाही, याची खात्री करून घेतली. देवमन पाटीसमोर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "ह्ये मायी बायको." कोणी विचारलेलं नव्हतं.

दोनच्या सुमाराला तिसरं पातेलं रिकामं झालं. लोक दुसऱ्यातली मागू लागले. खुशालराव इतर तंबू फिरून परत आले.

"बरं, पानं दे मंग. एक बैलगाडीभर. वावराच्या साऱ्या धुऱ्यानं, बांधाबांधानं लावून टाकतो."

"देईन. कापलेलं तोंड आठ दिवस सावलीत सुकू द्या, मंग लावा. पण मालक, तुमच्या काळीत नाई धरायची."

"काळीत नाई? माया वावरात गोटा लावला तं उगोते."

"काळी पाणी धरून बसते. हिची मुळी कुजते. हिले मुरूम पाह्यजे."

"आमच्याकडं मुरूम कोठं हाये?"

"मुरूम सारा वस्तीकडं हाये," सुंदराबाई म्हणाली आणि पुढच्या माणसाच्या पत्रावळीवर भाजी वाढली.