कचरूच्या हातची जाजम

मित्रांनो, आधी चपला बाहेर काढा, पाय झाडा, मग बोलू. मी एक जुनी जाजम आहे. वय विचारू नका, पण तुमच्या सरपंचाला मी दुपट्यात पाहिलंय. चार पट्ट्या जोडून केलेली, लाल-निळ्या रेघांची, बारा हात रुंद नि अठरा हात लांब. आता लाल विटून विटकरी झालंय आणि निळं कुठं होतं ते मलाच शोधावं लागतं. मला अक्षर येत नाही. तळपाय मात्र वाचता येतात. आणि सांगून ठेवते, माणूस तोंडाने जेवढं खोटं बोलतो तेवढं त्याला पायाने बोलता येत नाही.

माझा जन्म नगरला एका साळ्याच्या मागावर झाला. माग खड्ड्यातला. साळी जमिनीवर बसायचा, पाय खड्ड्यात सोडायचा आणि खालच्या पावड्या दाबत राहायचा. हातांइतकंच मला पायांनी विणलं. पायांची माझी ओळख तिथपासूनची.

स्वातंत्र्याच्या पाच-सहा वर्षं आधी गावाने मला चावडीसाठी विकत घेतलं. नगरहून डोक्यावर वाहून आणलं ते कचरूने. कचरू गावकुसाबाहेर राहायचा आणि गावाची पडेल ती कामं करायचा. मला अंथरणं, झटकणं, गुंडाळून आढ्याला टांगणं, सगळं त्याच्याकडे. आणि काय अंथरायचा म्हणून सांगू. आधी तोंड वर करून वारा कुठला ते बघायचा. मग वाऱ्याकडचं टोक पायाखाली दाबून असा एकच झटका द्यायचा की मी पाण्यासारखी उलगडत जायचे, सुरकुती म्हणून पडायची नाही. एकदा माझा कोपरा वासराने चघळला. कचरूने तो काळ्या दोऱ्याने शिवला. ते टाके अजून जसेच्या तसे आहेत.

पण अंथरून झालं की कचरू मागं मागं सरकत बाहेर जायचा आणि धुळीत उकिडवा बसायचा. शिवाशिवीचे दिवस होते. माझ्यावर गाव बसायचं, कचरूने बसायचं नाही. मला अंथरायला त्याचे हात चालत होते, टेकायला बूड चालत नव्हतं. हा कुठला न्याय, ते मला आजवर कळलेलं नाही. कळलं तर मलाही सांगा.

त्याची एक लेक होती, आक्का. सात-आठ वर्षांची, बापाच्या मागं मागं फिरायची आणि माझा कोपरा धरायची. एकदा चावडीपुढे मोठी बैठक होती. कचरू माझ्या कोपऱ्यांवर ठेवायला दगड आणायला गेला आणि वारा सुटला. मी सगळीकडून उडायला लागले. आक्काने इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि मी उडून जाऊ नये म्हणून येऊन माझ्या मधोमध बसली. मांडी घालून, दोन्ही तळवे माझ्यावर दाबून. एवढंसं तिचं वजन, पण मी थांबले.

चावडीतून कुणीतरी ओरडलं. माणसं काठ्या घेऊन उठली. कचरू धावत आला आणि त्याने स्वतःच पोरीच्या थोबाडीत मारली. अशी मारली की ती माझ्यावरून कोलमडून धुळीत पडली. दुसऱ्यांचा हात पडायच्या आत त्याने आपला टाकला, हे मला समजलं. सात वर्षांच्या पोरीला कसं समजणार? मग माझ्यावर गोमूत्र शिंपडलं. पोरीच्या गालावर पाणीसुद्धा कुणी लावलं नाही. आणि मी? मी गप्प पडून राहिले. जाजमीला तोंड नसतं म्हणा. पण त्या दिवशी तोंड असलेलेही गप्पच होते.

पुढे छप्पन साल आलं. कचरूची माणसं बौद्ध झाली. त्या वर्षीच्या बैठकीला कचरूने मला आढ्यावरून काढलं नाही. नवं धुतलेलं धोतर नेसून तो चावडीवरून सरळ पुढे निघून गेला. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. त्यानंतर मला ज्यांनी अंथरलं, ते अंथरायचे कसले, फेकायचे. मग मांडववाले आले, खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी हायस्कुलाच्या मागच्या खोलीत झाली. तिथं उंदरांनी माझ्यात संसार थाटले. वीस वर्षं एका पायाचा स्पर्श नाही.

चौऱ्याण्णव साली मला बाहेर काढलं ते दीनाबाईंनी. नगरची ख्रिस्ती मुलगी, शाळेत नवीन लागलेली, औरंगाबादला नाटक शिकून आलेली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्या हॉलमध्ये नाटकाचा वर्ग घ्यायच्या. फरशीवर पोरांचे गुडघे फुटायला लागले म्हणून त्यांनी मला धुऊन, उन्हं देऊन तिथं पसरलं.

मला वाटलं, नाटक म्हणजे आरडाओरडा. पण ही बाई वेगळीच. पोरांना आधी पडायला शिकवलं. "दाणकन नाही. धान्याचं पोतं रिकामं होतं ना, तसं पडा." मग चालायला शिकवलं. चिखलातून, तापल्या वाळूतून, आजाऱ्याच्या खोलीतून. सगळं माझ्यावरच, सगळं न बोलता.

तुषार नावाचा एक दांडगा पोरगा होता. त्याने विचारलं, "बाई, डायलाग कधी देणार?"

"तुझे पाय बोलायला लागले की."

"पाय बोलल्यावर तोंडाला काय काम?"

"तेच तर," दीनाबाई म्हणाल्या. "चल, तापल्या वाळूतून पुन्हा."

या वर्गात आठवीतली एक मुलगी यायची, यशोधरा. बाप नागापूरला कारखान्यात, आई रोजाने शेतात, घर सगळं आजीच्या हुकमात. पहिल्या दिवशी ती माझ्यावर उभी राहिली आणि मी दचकलेच. तेच रुंद चवडे, तोच जरा बाहेर वळलेला अंगठा. कचरूची पणती होती ती. आक्काची नात.

फेब्रुवारीत नगरला शाळांची नाट्यस्पर्धा होती. दीनाबाईंनी बिनबोलाचं नाटक बसवायला घेतलं, 'गावची बैठक'. सुरुवात अशी की एक माणूस जाजम अंथरतो. जाजम नसलेलीच, नुसत्या हातांनी दाखवायची. ते काम यशोधराकडे होतं. पण जमेना. तिच्या हातातली जाजम कधी रुमालाएवढी, कधी वावराएवढी. मी खाली पडल्या पडल्या लाजेने मरत होते. दीनाबाई म्हणाल्या, "घरी कुणी जाजम अंथरताना पाहिलंय का? विचारून ये."

तिने आजीला विचारलं, आणि तिथंच घोळ झाला. माझं मूळ-कूळ दीनाबाईंना कुठून ठाऊक असणार?

आक्काबाई आता साठीची. थोबाडीत बसल्या दिवसापासून तिने कुठल्याच जाजमीला पाय लावला नव्हता. लग्न असो, वर्गणीची सभा असो, घरून आपला लाकडी पाट काखेत मारून जायची आणि त्यावर बसायची. लोक हसायचे. हसणाऱ्याला ती अशी उलटून बोलायची की तो पुढच्या लग्नात हसायचा नाही.

पुढच्या शनिवारी ती पाट घेऊन हॉलच्या दारात उभी राहिली.

"बाई, माझ्या नातीचं नाव काढा ह्यातनं."

दीनाबाई पुढे आल्या. "या ना आजी, आत या. काय झालं?"

"आत न्हाई येत मी. ही जाजम चावडीची हाय. तो काळ्या दोऱ्याचा कोपरा माझ्या बापानं शिवलाय. बापानं शिवायची आन् बापानंच धुळीत बसायचं. हिच्यावर माझी नात लोळत्येय, हे मला आज कळतंय."

यशोधराचा चेहरा पडला. "आजी, सात दिवसांवर नाटक हाय. मी गेले तर समद्यांचंच मोडतंय."

"मोडू दे. तू घरी चल."

तेवढ्यात तुषार पुढे झाला. "मी करतो बाई तिचं काम," म्हणाला आणि हवेतली जाजम अंथरायला लागला. दोन चिमटींत धरून, चादर झटकावी तशी.

आक्काबाई जायला वळली होती. ती थांबली. ज्या हातांनी लहानपणी कोपरा धरला, त्यांना तसलं काम बघवलं नाही.

"आरं, मढ्यावर कापड टाकतोस का जाजम टाकतोस?"

पोरं फिसकन हसली.

"हसताय काय? वारा कुठनं येतोय, बघितलं का कुनी? न्हाई. वजन कुठं हाय हातात? लई जड असती ती. माझ्या बापाचा खांदा सोलून निघायचा." तिने पाट भिंतीला टेकवला, पदर खोचला आणि दारातल्या उघड्या फरशीवर, माझ्या काठापासून वीतभर लांब, उभी राहिली. तोंड वर केलं. वारा बघितला. नसलेलं टोक पायाखाली दाबलं. कंबरेतून जोर घेतला आणि एकच झटका.

मित्रांनो, त्या फरशीवर काहीही नव्हतं. तरी सगळ्यांनी मला उलगडताना पाहिलं. मी स्वतः पाहिलं. पुढच्या ओळीतल्या दोन मुली तर पाय मागं घेऊन सरकल्या. कचरू गेल्याला वीस वर्षं झाली होती, आणि त्याचा हात तिथं होता.

दीनाबाईंनी हळूच विचारलं, "मग? अंथरून झाल्यावर ते काय करायचे?"

"काय करनार? असं." ती मागं मागं सरकत दाराबाहेर गेली आणि धुळीत उकिडवी बसली. बसल्यावर तिला कळलं की आपण कुठं बसलोय. बराच वेळ उठली नाही. मग पाट उचलला आणि यशोधराला म्हणाली, "वाकताना कंबरेतनं वाक. न्हाईतर माझ्या बापाची इज्जत घालवशील." आणि एकटीच घरी गेली. नातीला नेलं नाही.

आता तालीम रोज होती आणि रोज दुपारी ती यायची. दाराबाहेर पाट टाकायची आणि तिथून बोलणी ऐकवायची. "तुषार, पाटील झालायस ना तू? पाटील असा कोंबड्यागत चालत न्हाई." दीनाबाईंना म्हणायची, "तुमी शिकिवताय चांगलं, पर लाड लई करता." नाटकाचा शेवट दीनाबाईंनी बदलला. अंथरणारा माणूस बाहेर धुळीत बसतो, बैठक चालू राहते, आणि संपतं. आक्काबाईने ते शेवटपर्यंत पाहिलं. पण आत पाऊल टाकलं नाही ते नाहीच.

नगरला जायच्या आदल्या दिवशी गावाला दाखवावं म्हणून चावडीपुढे प्रयोग ठेवला. मला तिथं नेलं. पन्नास वर्षांपूर्वी आक्का बसली होती त्याच जागेवर. उन्हं कलली होती, सगळं गाव भोवती गोळा झालं होतं. आक्काबाई एका बाजूला, आपल्या पाटावर, पाठ ताठ.

यशोधरा आली. कचरू होऊन आली. वारा बघितला, कंबरेतून वाकली, झटका दिला. म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना नाव सांगायची गरज पडली नाही. मग ती मागं मागं सरकत माझ्यावरून उतरली आणि धुळीत उकिडवी बसली. पाटील झालेला तुषार आणि बाकीची पोरं ऐटीत माझ्या कडेकडेने बसली. मधली जागा मोकळीच होती.

आणि वारा सुटला. खरा वारा. आधी तो काळ्या दोऱ्याचा कोपरा उचलला, मग मी मधोमध फुगले. पोरं घाबरली. बिनबोलाचं नाटक, बोलायचं नाही, जागचं हलायचं नाही. दीनाबाई कडेला ओठ चावत उभ्या. आणखी एक झोत आला असता तर नाटक, पोरं, सगळं उधळलं असतं.

आक्काबाई उठली. पाट तिथंच राहिला. चपला काढल्या, एकीला एक लावून नीट ठेवल्या, आणि माझ्यावर पाऊल ठेवलं. म्हाताऱ्या टाचा, भेगाळलेल्या, पण मला एका क्षणात ओळखू आल्या. ती गावासमोरून सावकाश चालत मधोमध आली, मांडी घालून बसली आणि दोन्ही तळवे माझ्यावर दाबले. मी थांबले.

समोरच्या माणसांकडे बघत ती म्हणाली, "वारा सुटलाय. कुनी तरी बसाया नको?"

कुणी ओरडलं नाही. कुणी काठी उचलली नाही. लोकांना ते नाटकातलंच वाटलं. फक्त दोन-तीन म्हाताऱ्यांनी मान खाली घातली. धुळीत बसलेली यशोधरा उठली, नाटकात नव्हतं तरी उठली, आणि येऊन आजीला खेटून बसली. आजीने तिच्या गालावरची धूळ पदराने पुसली. तिच्या स्वतःच्या गालावरची मात्र लहानपणी त्या दिवशी कुणी पुसली नव्हती, हे मला आणि तिलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी नगरला यशोधरा तसंच उठून मधोमध जाऊन बसली. नंबर तिसरा आला. आक्काबाई म्हणाली, परीक्षकाला जाजम टाकता येत नसणार.

मित्रांनो, मला आता पुन्हा उंदरांच्या खोलीत टाकू नका, एवढं तर मागतेच. वर्षातून दोनदा ऊन दाखवा, ओली गुंडाळू नका, माझ्यावर चहा सांडून वर पाय ठेवून लपवू नका. पण खरं मागणं वेगळंच आहे. कुठंही सभा असो, लग्न असो, तुम्ही बसायच्या आधी मागं वळून बघा, की ही जाजम टाकली कुणी आणि तो बसलाय कुठं. तो बाहेर धुळीत असेल तर आधी त्याला हाक मारा. मी बारा हात रुंद आहे, अठरा हात लांब. माझ्यावर जागा कधीच कमी नव्हती.