पहिली बादली

पाणी तपासणारी बाई तिसऱ्यांदा दारात उभी राहिली, तेव्हा लेकीच्या अंगात "या" म्हणण्याइतकंही त्राण नव्हतं. कडेवर पाच महिन्यांचं बाळ, आणि झोपेचं तर कधीच खोबरं झालेलं.

"दोन्ही नमुने स्वच्छ आले," बाई म्हणाली. "आणि बाळाच्या रक्तात मात्र शिसं! रात्रभर नळ उघडला नव्हता ना? मला साठलेलं पाणी हवं."

"नाही हो. बाळाच्या बाटलीचं पाणीसुद्धा काल संध्याकाळीच भरून ठेवलं."

बाईने मान डोलावली, नळाखाली नमुन्याची बाटली धरली आणि तिची नजर खिडकीतल्या कुंड्यांवर गेली. माती ओली होती.

"यांना पाणी कुणी घातलं?"

"मी," आतून बाबा आले. सत्तरी ओलांडलेले, जन्मभर प्लंबिंग केलेले. "पहाटे पाचला."

"अहो, मग नळ उघडलात की!"

"छे! फक्त शिळं पाणी काढलं. एक बादली. ते काय वापरणं झालं?"

बाईने कपाळाला हात लावला. लेक मात्र बाबांकडेच बघत राहिली. आयुष्यभर तिची झोप त्याच बादलीच्या आवाजाने मोडली होती, पण विचारावंसं कधी वाटलं नव्हतं.

"शिळं म्हणजे काय, बाबा?"

बाबांनी भिंतीवर हात ठेवला. "आतला पाइप शिशाचा आहे. मीच बसवलाय. तेव्हा सगळेच बसवायचे गं. नंतर कळलं. भिंत फोडायची म्हणून आज करू, उद्या करू, करत राहिलो. पण तुम्हा पोरांच्या पोटात थेंब जाऊ दिला नाही. तापाने फणफणलो तरी पहिली बादली मीच काढली. चाळीस वर्षं!"

तिला त्यांची माया कळली आणि रागही आला, इतका की बाळ जड वाटू लागलं.

"आणि रात्री तीनला मी दुधाची बाटली करते, तेव्हा कोण काढतं?"

"तू... उकळतेस ना?"

"उकळून शिसं जात नाही, काका," बाई हळूच म्हणाली.

 बाबा हत्यारांच्या पेटीपाशी गेले, पण हातोडा काही त्यांना उचलवेना. लेकीने बाळ बाईच्या हातात दिलं आणि हातोडा घेऊन ती भिंतीकडे वळली.

"थांब," बाबा रडत म्हणाले, "आधी मेन कॉक बंद कर."