पदर धरणारी

“सातधारेला चाकावर बसून जायचं नाय, गो. रोह्यापासून पुढं पायानं जायचं.”

गिरजाबाईंच्या सासूबाईंचं ते सांगणं तिथेच संपत नसे, पुढे आणखी एक वाक्य असायचं. पण गिरजाबाई नेहमी एवढंच सांगून थांबत. आजही तेवढंच सांगून त्यांनी निरांजन उचललं आणि पाटावर बसलेल्या मुलाभोवती ओवाळायला सुरुवात केली.

श्रावणातला शुक्रवार होता. भिंतीवर जिवतीचा कागद, त्याला आघाडा-दूर्वांची माळ, पुढे चणे-गूळ. कमळाकर चव्वेचाळीस वर्षांचा झाला होता, डोक्यावरचे केस बरेच गेले होते, तरी या शुक्रवारी ऑफिसातून आला की हातपाय धुऊन मुकाट पाटावर बसायचा. आज मात्र त्याच्या एका हातात फोन होता.

“हे बघ आई. एक रस्ता पनवेल, पेण, वडखळ, नागोठणं. दुसरा खोपोलीवरून पालीला उतरतो. खड्डे कुठे कमी ते विचारून घेतो. एसटीही आहे. डोंबिवलीहून सकाळी निघालो तर दुपारी धबधब्यापाशी. अगदी पायथ्यापर्यंत डांबरी झालाय आता रस्ता.”

“मान हलवू नकोस. ज्योत विझेल.”

“चव्वेचाळीस वर्षं झाली. तुझ्या आसरांनी माझा जन्म अजून मंजूर केला नसेल.”

आतून मालू हसली. ती पुरणाच्या ताटावर झाकण ठेवत होती. सून घरात येऊन सोळा वर्षं झाली होती आणि दर श्रावणात हाच संवाद तिच्या कानांवर पडत होता. नवऱ्याने बेत करायचा, गिरजाबाईंनी पायी जायचं म्हणायचं, तो म्हणायचा अडीच कोस तू चालणार कशी, आणि मग ‘पुढच्या श्रावणात बघू’ म्हणून सगळे जेवायला बसायचे.

ती दारात येऊन उभी राहिली. “आई, एक विचारू? खरंच पायी जायचं म्हणूनच अडलंय का?”

गिरजाबाईंनी ताम्हन खाली ठेवलं. निरांजनातली वात थोडी पुढे आली होती, ती त्यांनी बोटाने मागे सारली. चटका बसला तरी बोट लगेच काढलं नाही.

त्यांचे नेम घरात सगळ्यांना पाठ होते. तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात पाणी नाही, चातुर्मासात एक वेळ जेवण, सोमवार, शनिवार. आवाज कधी चढला नाही, नेम कधी मोडला नाही. एकच नवस तेवढा फेडायचा राहिला होता, आणि तोही ज्याच्यासाठी केला तो समोर पाटावर बसला होता.

रात्रीची भांडी आवरून झाली तेव्हा त्या मालूला म्हणाल्या, “परवा रविवारी जाऊ. मी दिव्याहून रोहा पॅसेंजर धरते. तुम्ही मागून गाडी घेऊन या.”

कमळाकर बाहेरून ओरडला, “पॅसेंजर? अगं, ती प्रत्येक ठिकाणी थांबते!”

“म्हणूनच,” गिरजाबाई म्हणाल्या. पण ते इतकं हळू, की ते मालूलाच ऐकू आलं.

रविवारी खिडकीजवळ जागा मिळाली. पिशवीत ओटीचं सामान होतं. खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या, आणि डब्यात दहीभात. पनवेल गेलं तशी डब्यातली गर्दी उतरली. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं लागली. पोपटी-हिरवी, गुडघाभर पाण्यात उभी. गिरजाबाई पदर घट्ट गुंडाळून बसल्या.

सातधारेचं पाणी त्यांना या ओल्या भाताच्या वासाबरोबर आठवायचं. लग्नाला चार वर्षं होऊन कूस उजवली नव्हती, तेव्हा थोरल्या जावेने, शांतीने, त्यांना तिथे नेलं होतं. रोह्याहून निघायचं, नदी ओलांडायची, डोंगराच्या कुशीत शिरायचं. सात धारा एका डोहात पडतात, तिथे साती आसरा, पाण्यातल्या देवी. नवस बोलणारीने ओटी घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं आणि मागे वळून बघायचं नाही. खडक शेवाळलेला. म्हणून एकीने काठावर उभं राहून तिच्या पदराचं टोक धरायचं. आणि नवस फेडायला जाताना पदर धरायला तीच हवी. त्यांच्या सासूबाई हौसाबाई हे सांगताना बोट वर करून सांगायच्या.

शांतीने पदर धरला होता. शांतीलाही मूल नव्हतं, लग्नाला नऊ वर्षं झाली होती. पाण्यातून वर आल्यावर गिरजाबाईंनी म्हटलं होतं, “अक्का, आता तू उतर. मी धरते.”

“माझं राहू दे. तुझं पयलं होऊ दे,” शांती म्हणाली होती, आणि त्यांचं ओलं लुगडं पिळायला लागली होती.

पुढच्या वर्षी कमळाकर झाला. बारशाला घर भरलं होतं. पाळण्याच्या वरून-खालून बाळ द्यायची वेळ आली, तेव्हा शांतीने त्याला उचलून घेतलं. माहेरहून आलेली एक मावशी म्हणाली, “तिच्या हातानं नको गो पाळण्यात. तिची कूस उजवू दे आधी.”

गिरजाबाई दोन हातांच्या अंतरावर होत्या. मावशी त्यांची होती. घर, बाळ, नवस, सगळं त्यांचं होतं. सगळ्या बायका त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी पाळण्यातली उशी सारखी केली. मग पुन्हा सारखी केली.

शांतीने बाळ शेजारच्या बाईच्या हातांत दिलं, अगदी जपून, मान सावरून. मग ती चुलीकडे गेली आणि सगळी पंगत तिने वाढली. भांडण झालं नाही. वर्षाच्या आत तिच्या नवऱ्याला, दिनानाथभावोजींना, हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात काम मिळालं आणि ती दोघं तिकडे गेली. नंतर लग्नाकार्यात, मयताला भेटी व्हायच्या. “बरं हाय?” “बरं आहे.” एवढंच.

गेल्या महिन्यात एका साखरपुड्यात कुणीतरी सहज बोलून गेलं, शांतीअक्काचा हात आता कापतो, तिनं आखणी सोडली. हमरापुरात आखणीला, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायला, सगळ्यात हलका हात लागतो. पस्तीस वर्षं तो शांतीचा होता. ते ऐकल्यापासून गिरजाबाईंच्या मनातून तो हात जात नव्हता.

आपटा गेलं. जिते गेलं. हमरापूरला गाडी थांबली, तेव्हा खाली उतरणाऱ्या चार-पाच माणसांत गिरजाबाई होत्या.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. आत फळ्यांवर पांढरे गणपती ओळीने बसलेले, डोळ्यांशिवाय. एका टोकाला पोरी पितांबरांना पिवळा रंग देत होत्या आणि मोठमोठ्याने एकमेकींची थट्टा करत होत्या. दाराजवळच्या उजेडात एक म्हातारी मांडीवर छोटी मूर्ती घेऊन पॉलिशपेपरने तिची पाठ घासत होती.

“कोण गो?” मान वर न करता तिने विचारलं.

“मी. गिरजा.”

घासणारा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

“बस. तो पाट घे. त्याचा रंग सुकलाय.”

गिरजाबाई बसल्या. पोरींची थट्टा थांबली होती. शांतीने पोरींकडे एकदा नुसतं बघितलं, तशा त्या पुन्हा कामाला लागल्या.

“कोरा चा चालतो काय तुझ्या नेमात?”

“चालतो.”

“नशीब आमचं. कमळ्या कसा हाय?”

“टक्कल पडलं.”

शांती हसली. पुढचे दोन दात गेले होते. “जन्मला तवा कसलं जावळ होतं! आणि आता टक्कल.”

“आखणी सोडलीस म्हणे.”

“सोडली. डोळा सरळ येईना. बाप्पा तिरळा बघाया लागला तर घरी नेणाऱ्यानं काय करायचं? आता नुसती पाठ घासते. पाठीला कोण बघतो?”

चहा आला. गिरजाबाईंनी कप हातात धरला, प्यायल्या नाहीत. शेडच्या पत्र्यावर एक सर वाजून गेली. ती थांबेपर्यंत त्या थांबल्या.

“अक्का, बारशाच्या दिवशी मी उशी सारखी करत बसले.”

शांतीने मूर्तीवरची भुकटी फुंकली.

“व्हय. शिवण उसवलेली तिची. कापूस बाहेर आला होता डाव्या अंगानं.”

गिरजाबाईंनी मान खाली घातली. कापूस बाहेर आल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

“मी बोलायला हवं होतं.”

“व्हतंच.” शांतीने मूर्ती फळीवर ठेवली, तिच्या तोंडावरून अंगठा फिरवला. “मी रातभर वाट बघितली. म्हटलं, बाळंतीण हाय, लोकांदेखत नाय बोलली. सकाळी परसात येईल. नाय आलीस.”

“नाही आले.”

“मग म्हटलं, जाऊ दे. तिचे नेम लय. त्यात आपली आठवण कुठं बसवील?”

एवढं बोलून ती पॉलिशपेपरची घडी घालू लागली. घडी जमेना. कागद बोटांत थरथरत राहिला. गिरजाबाईंनी हात पुढे केला आणि मग तसाच मागे घेतला.

“सातधारेला निघालेय मी,” त्या म्हणाल्या.

“आज? नवस फेडला नाय अजून?”

“पदर कोण धरणार होतं?”

शांतीने त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मग आपला उजवा हात दोघींच्या मध्ये धरला. तो पानासारखा हलत होता.

“ह्यो? ह्यो आता चाची कपबशी धरत नाय. आणि गुडघ्यांनी तर कधीच जय महाराष्ट्र केलाय. रोह्यापासून अडीच कोस पायी! आपली सासू वरून बघतेय, विचार तिला.”

“सासूबाई आणखीही काही सांगायच्या.”

“मला ठाव हाय. तू बोल.”

गिरजाबाईंनी कप खाली ठेवला. हे वाक्य त्यांनी चव्वेचाळीस वर्षांत एकदाही उच्चारलं नव्हतं. जपाच्या माळेतला एकच मणी रोज चुकवावा तसं.

“‘पायानं जायचं. आणि पदर धरणारीला मागं टाकून जायचं नाय.’”

शेडमध्ये पोरींचे कुंचले तेवढे वाजत होते.

गिरजाबाईंनी पिशवीतून छोटा फोन काढला, डोळ्यांजवळ नेऊन बटण दाबलं. “कमळाकर, कुठे आहेस? पनवेल सोडलंस? मग रोह्याला नको जाऊस. हमरापूरच्या फाट्यावर थांब.” पलीकडून तो बरंच काही विचारत होता. “हो, इथेच उतरले. तुझी काकू आहे बरोबर. तिथून गाडीने जाऊ. हो, गाडीनेच. पायथ्यापर्यंत.”

शांती तोंडाला पदर लावून त्यांच्याकडे बघत होती.

“चाकावर? तू? सोमवार-शनिवार धरणारी?”

“सासूबाईंना मी सांगेन काय ते. भेट व्हायचीच आहे आता.”

“मी येते म्हटलंय काय अजून?”

“नाही.”

“मग?”

गिरजाबाई पाटावर तशाच बसून राहिल्या, मांडीवर ओटीची पिशवी घेऊन. यापुढचं मागण्याचा हक्क आपल्याला नाही, हे त्यांना कळत होतं. शांतीने नाही म्हटलं तर मुलाला गाडीसह परत पाठवून संध्याकाळची पॅसेंजर धरायची होती. तोवर बसायची त्यांची तयारी होती.

शांती भिंतीला धरून उठली. मागच्या दाराने घरात गेली. मग आतून ट्रंकेचं झाकण वाजलं. रंगाच्या पोरींपैकी एक हळूच दुसरीला म्हणाली, “आजी लुगडं बदलतेय गो.”

शांती बाहेर आली ती धुवट हिरवट लुगड्यात, हातात काठी. फळीवरच्या गणपतींकडे वळून तिने पोरींना बजावलं, “त्या कोपऱ्यातल्याला पाणी लागतंय, सरकवा. आणि माझ्या पाठी कुणी डोळे काढाया बसू नका.”

फाट्याकडे जायला खाचरांमधला बांध होता. मघाच्या सरीने तो गुळगुळीत झालेला, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. शांतीने काठी टेकवून बघितली.

“हो पुढं,” ती म्हणाली.

गिरजाबाईंनी चपला काढून हातात घेतल्या आणि बांधावर पाऊल ठेवलं. चिखल गार होता. दहा-बारा पावलं गेल्यावर खांद्यावर एक हलकी ओढ बसली. कुणीतरी मागून पदराचं टोक मुठीत घेतलं होतं.

मागे वळून बघायचं नाही, हा नियम डोहातला. इथे तो नव्हता. तरी गिरजाबाई वळल्या नाहीत. पदरातून एक बारीक कंप खांद्यापर्यंत येत होता, थांबत नव्हता आणि सुटतही नव्हता. लांब फाट्यावर पांढरी गाडी येऊन उभी राहिलेली दिसत होती. गिरजाबाईंनी आपलं पाऊल लहान केलं.